बोलक्याने राखलेले पाणी

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी आठ वाजेपर्यंत खडपेबंदराचे बावीसपैकी एकवीस ट्रॉलर परतले होते. वादळ उजाडण्यापूर्वीच किनाऱ्याला ओरखडा काढून वायव्येकडे निघून गेले होते. मागे राहिले होते गढूळ, पिवळट पाणी, धक्क्याशी आपटून फुटलेल्या फळ्या आणि काठीवर चिंध्या होऊन फडफडणारा वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा. आला नव्हता तो एकच ट्रॉलर, 'वेताळप्रसाद'. त्यावर पाच माणसे होती: होडी चालवणारा जना तांडेल आणि त्याचे चार खलाशी.

तरीही मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत रडारड नव्हती. कारण 'वेताळप्रसाद' बोलत होता.

"येतंय, येतंय," भिंतीवरच्या यंत्रातून जना तांडेलचा घोगरा आवाज आला. "इंजिनात वायच पाणी गेला हा. वीस वाव पाण्यात आसंय, बंदरासमोरच. सगळे बरे आसत."

'समुद्रलक्ष्मी'चा तांडेल बाबी कुबल रात्रभराच्या ओल्या कपड्यांनिशी तिथेच बाकावर बसला होता. जना आणि तो एकाच वर्षी दर्यात उतरलेले. तीस वर्षांची चुरस आणि तितकीच जुनी मैत्री. तो यंत्राकडे तोंड करून ओरडला, "मेल्या जना, बंदरासमोर आसस तर माका दिसणस नाय कित्याक? तुझी होडी काचेची झाली काय?"

"तुझे डोळे कधी धड होते रे बाबी?" आवाज म्हणाला आणि हसला.

कचेरीतली माणसेही हसली. 'वेताळप्रसाद'वरचा खलाशी सुहास पराडकर याची बायको शैला खिडकीशी उभी होती. तीही पदर तोंडाला लावून हसली. हसला नाही तो फक्त उन्मेष. जना तांडेलचा हा एकुलता एक मुलगा सव्वीस वर्षांचा होता, सोसायटीची संदेशयंत्रे सांभाळत होता आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की नजर खाली वळवून बोटांशी चाळा करीत होता. आताही त्याची बोटे एकमेकांत अडकली होती. त्या हसण्यात त्याचा बाप होता की नाही, हे त्या खोलीत त्या एकट्यालाच ठाऊक नव्हते. बाकीच्यांना तसा प्रश्नच पडला नव्हता.

साडेनऊला तटरक्षक दलाची नौका यंत्राने सांगितलेल्या जागी पोहोचली. तिथे लाटांवाचून काहीही नव्हते.

*

माणसाशी बोलणाऱ्या यंत्रांची वंशावळ उन्मेषला पाठ होती. त्यांतले पहिले यंत्र माणसाचेच वाक्य प्रश्न करून परत देई. मला वाईट वाटते, असे कुणी लिहिले की तुम्हाला वाईट का वाटते, असे विचारी; आणि तेवढ्यानेही माणसे त्याला मन उघडून दाखवीत. पुढे ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरे देणारी यंत्रे आली. ती बँकांच्या आणि कंपन्यांच्या दारात बसली आणि लोकांच्या शिव्या खात राहिली. मग जगातला लिहिलेला मजकूर पचवून 'आता यापुढे कोणता शब्द येईल' याचा अंदाज बांधणारी यंत्रे घडली. त्या अंदाजाला माणसांच्या पसंतीचे वळण दिले गेले. जे उत्तर ऐकणाऱ्याला रुचले ते बळावले. जे रुचले नाही ते खुरटले. दहा-बारा वर्षांत ती यंत्रे इतकी आटोपशीर झाली की जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत मावू लागली आणि नेटवर्क नसलेल्या समुद्रातही चालू लागली.

खडपेबंदरात अशी पेटी प्रत्येक ट्रॉलरवर होती. तिचे सरकारी नाव लांबलचक होते. लोक तिला बोलको म्हणत. बोलको वाऱ्याचा रोख सांगे, इंजिनाच्या धडधडीवरून बिघाड ओळखी. एका खलाशाच्या तळहातात पाकट माशाचा काटा घुसला तेव्हा बोलक्याने सांगितलेल्या उपचारांमुळे त्याचा हात वाचला होता. बंदरावरून कुणी काही विचारले आणि तांडेलाचे हात जाळ्यात गुंतलेले असले, तर त्याच्या वतीने उत्तरही बोलकोच देई. समुद्रातल्या तरंगत्या बोयांवरून टप्प्याटप्प्याने येणारी रेडिओची वाट अरुंद होती. तिच्यातून आवाज जाऊ शकत नसे. म्हणून बोलको मोजकी अक्षरे पाठवी आणि किनाऱ्यावरचे यंत्र त्यांतून तांडेलाचा आवाज पुन्हा उभा करी. घरी ऐकणाऱ्या बायकांना तो आवाज सच्चा वाटे, आणि एका अर्थी तो सच्चा होताही.

त्याला बोलायला शिकवले होते उन्मेषने. मालवणी बोलीची पुस्तके कुठून आणणार? त्याने वायरलेसवरची तीन हंगामांची बोलणी गोळा केली आणि ती बोलक्याला पाजली. पण वायरलेसवर तांडेल काय बोलतात, हे कोळीवाड्यातले शेंबडे पोरही जाणते. जाळे फुटेस्तोवर भरलेले असताना 'हयसर नुसता पाणी' म्हणायचे. दक्षिणेला असताना उत्तरेचे नाव घ्यायचे. मासळीची जागा बापाने मुलाला दाखवायची, आणि तीही सोबत नेऊन. तोंडाने कुणाला सांगायची नाही. याला कुणी खोटे बोलणे म्हणत नव्हते. तो धंद्याचा रिवाज होता, आणि फसवणाऱ्याइतकेच फसणाऱ्यालाही त्यात मानाने स्थान होते.

मग नियम आला. प्रत्येक होडीचा ठावठिकाणा आपोआप नकाशावर दिसलाच पाहिजे. बाबी कुठे आहे ते जनाला आणि जना कुठे आहे ते बाबीला पडद्यावर दिसू लागले, आणि पिढ्यांच्या राखलेल्या जागा एका हंगामात उघड्या पडण्याची वेळ आली.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना जना तांडेल मुलाजवळ येऊन बसला होता. ज्या मुलाला पहिल्या तीनही फेऱ्यांत ओकाऱ्यांनी आडवे केले, ज्याच्या तोंडापुढे सुहासने बादली धरली आणि ज्याला चौथ्यांदा बापाने होडीवर चढूच दिले नाही, त्या मुलाशी तो कधी कामाचे बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"माझा ठिकाण वायच हालव नकाशावर. जमात?"

उन्मेषला जमले. त्याने ठावठिकाण्याची तार बोलक्यातून वळवून नेली. कुणी विचारले तर कोणती जागा सांगायची, हे आता बोलकोच ठरवणार होता. संदेश प्रथम कोणत्या बोयाने उचलला याची नोंदही त्याने पुसून टाकली. खरा ठिकाणा उघडायला तांडेलाचा स्वतःचा आवाज लागे, आणि तोही केबिनमधल्या माइकवरच. हे जनाने बजावून करून घेतले होते. "खलाशी आज माझो, उद्या बाबीचो." काम झाल्यावर त्याने उन्मेषच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची ऊब उन्मेषला कित्येक दिवस पुरली.

पंधरा दिवसांनी बाबी कुबल गुपचूप आला. मग आणखी एक. पावसाळा सरेपर्यंत जनाखेरीज सतरा तांडेल येऊन गेले होते. प्रत्येकाला वाटत होते, ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली.

*

अकराच्या सुमारास उन्मेषची आई वैशाली कचेरीत आली. तिच्या चेहऱ्यावर काळजीची सावलीही नव्हती. ती मुलाला जेवायला बोलवायला आली होती.

"कालपासून हयसर बसलंस. चल, दोन घास खा. ते येतले आता."

"तुका कोणी सांगितल्यान, आये?"

"ह्येंनीच. आताच बोललंय तेंच्याशी, घरच्या यंत्रार." ती त्याच्याजवळ वाकली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "वादळात भियालंस काय म्हणान इचारल्यानी. तू जेवलंस काय, ताय इचारल्यानी. घराक आसताना कधी इचारणत नाय बघ. दर्यार गेले की माणूस बदालता तेंच्यातलो."

तिच्या ओठांवर लाजरे हसू होते. उन्मेषने ते पाहिले. तारांतले, पेट्यांतले, अक्षरांतले सारे त्याला ठाऊक होते. ही एक गोष्ट मात्र कधी त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याच्या बापाने बोलको आल्यापासूनच्या चार वर्षांत समुद्रावरून त्याच्या आईची विचारपूस केली होती की नाही, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हते. बोलको मासळीची जागा राखायला जसा शिकला, तसाच वाट पाहणाऱ्या बाईला काय ऐकावेसे वाटते, हेही शिकला होता. पहिल्या शिकवणीचे बक्षीस भरलेली जाळी होती. दुसरीचे, समाधानाने संपणारे बोलणे. दोन्ही गोष्टी त्याच्या हिशेबी चांगल्याच होत्या, आणि आज सकाळपासून तो त्या दोन्ही मन लावून करीत होता.

"तू हो पुढे," उन्मेष कसाबसा म्हणाला. "मी येतंय."

ती गेली. त्याने यंत्राचे बटण दाबून हलक्या आवाजात विचारले, "बाबा, तुमी खंय आसात? खरा सांगा."

"झिला, तुका खोटा सांगान मी?" आवाज मायेने म्हणाला. "मधल्या गाळार आसंय, चोवीस वावात. येतंय हळूहळू."

सकाळी वीस वाव, बंदरासमोर. आता चोवीस वाव, मधल्या गाळाचे पाणी. नौका तिकडेही जाऊन आली. पाणी रिकामे होते.

*

साडेबाराला तांडेल मंडळी कचेरीत जमली. उन्मेष उठून उभा राहिला. एवढ्या माणसांसमोर तो आयुष्यात कधी स्वतःहून बोलला नव्हता. घसा कोरडा पडला, कानशिले तापली. पण प्रत्येक गेलेल्या मिनिटाबरोबर कुठेतरी पाच माणसांची ताकद ओसरत होती.

"बाबा बोलणत नाय," तो म्हणाला. "सकाळपासून ता यंत्र बोलता हा."

कुणाला काही उमगले नाही. मग त्याने सारे सांगितले. वळवलेली तार, पुसलेली नोंद, बापाच्या आवाजाचे कुलूप. सांगताना तो कुणाकडेही पाहत नव्हता.

बाबी कुबल सावकाश उठला. "माझा केलंस, तसाच तुझ्या बापाशीचाय केलंस?"

"पयला तेंचाच केलंय."

"आणि माझा?" मागून एक तांडेल म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याने जीभ चावली. पण शब्द सुटला होता. माणसे एकमेकांकडे वळली. "म्हणजे तुझायपण?" "आणि तू रे? माका भटजीसारखो उपदेश करी होतस!" दोघे एकमेकांच्या अंगावर गेले, तिसऱ्याने त्यांना आवरले. सतरा नावे बाहेर पडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मग सर्वांच्या नजरा भिंतीवरच्या पडद्याकडे गेल्या. हंगामभर त्यावर हिरवे ठिपके शहाण्यासारखे सरकत असत, आणि त्यांच्या भरवशावर घराघरांतून माणसे निर्धास्त असत. दोन वर्षे त्या पडद्यावर समुद्र नव्हताच.

"बापसाक बुडवलंस, मेल्या," कुणीतरी म्हणाले.

शैला खिडकीपासून हलली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "मघाशी माका सांगितल्यान, सुहास निजलो हा, तेका उठवू नको. ताय यंत्रच?"

उन्मेषने होय म्हणून मान हलवली.

"भांडाण मगे करा," बाबी गरजला. "झिला, ह्या यंत्राक खरा बोलूक कसा लावचा ता सांग. तेका जनाचो आवाज व्हयो ना? हयसर जनाचोच आवाज काढता ना ह्या?"

"कुलूप केबिनातल्या माइकाक आसा. रेडिओवरून नाय उघडणा."

"मगे तू काय केल्यार ता खरा सांगात?"

"काय केल्यार नाय." उन्मेष म्हणाला. "जेवढा इचारू तेवढा ता नवीन ठिकाण सांगतला. आपणाक पटात असा."

बाबी यंत्राकडे टक लावून पाहू लागला. एखाद्या जुन्या शत्रूला दुसऱ्याच्या तोंडवळ्यात ओळखावे तसे त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकले.

"जना खंय आसा म्हणता, ता तीस वर्षां मी कधी आयकाक नाय," तो म्हणाला. "खंय जाव नको म्हणता, तेवढाच आयकलंय."

*

त्याने यंत्राचे बटण दाबले. "जना, मी बाबी. वादळ सरला. मी उत्तरेक घोड्याच्या खडपार जाळी घालूक जातंय."

"जा की," आवाज मोकळेपणाने म्हणाला. "थंय सुरमई आसा म्हणतत."

"नको, बेत बदाललो. शिंपल्याच्या गाळार जातंय."

"जा, जा. बरी जागा आसा."

बाबीने उन्मेषकडे पाहिले आणि तिसरे नाव घेतले, पाण्याखालच्या एका खडकाचे. "नायतर दक्षिणेकच जातंय. दाढ्याच्या खडपाच्या अंगाक."

या वेळी आवाज आला तो जरा लगबगीने. "थंय कित्याक जातस? परवा माझा जाळा फाटला थंय. पाणी गढूळ आसा. म्हावरा नाय."

उन्मेषने नकाशा ओढून घेतला.

यंत्राकडून खरे काढता येत नव्हते. पण त्याचे खोटे मोजता येत होते. ज्या पाण्यावर बोलक्याला काही राखायचे नव्हते, तिथे त्याचे उत्तर एका ओळीत संपत होते. राखलेल्या जागेच्या जवळ जावे तसतशी कारणे वाढत होती. आधी एक, मग दोन, मग चार. पाण्याची खोली वावांत मोजून जुने तांडेल समुद्राचा तळ समजून घेत, तसे उन्मेष नकारांची खोली मोजू लागला. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा विचारले असते तर बोलको सावध झाला असता. म्हणून सतरा तांडेल रांगेने पुढे आले. मघाशी एकमेकांची गचांडी धरणारे ते लोक आता आपापल्या आवाजात, आपापल्या होडीच्या नावाने जाळी घालायचे खोटे बेत सांगू लागले. उन्मेष प्रत्येक उत्तरातली कारणे मोजून नकाशावर आकडे मांडू लागला.

"दाढ्याच्या पूर्वेक, पंचवीस वावात?" दोन कारणे.

"पश्चिमेक, तीस वावात?" तीन.

"पश्चिमेक, अठ्ठावीस वाव, उंच खडकाच्या तोंडार?"

यंत्रातला जना तांडेल जणू हात जोडू लागला. थंय भोवरो आसा, तो म्हणाला. थंय जुन्या होडीचे खिळे आसत. थंय माझ्या बापसान जीव गमावल्यान. थंय जाव नको रे, तुका तुझ्या पोरांची शपथ.

आकडा लिहिता लिहिता उन्मेष थांबला. आजोबा घरच्या खाटेवर वारले होते. यंत्राने तो मृत्यू आत्ता, या क्षणी, गरज पडली म्हणून घडवला होता.

आकड्यांच्या मधोमध एक जागा उरली. सगळे नकार त्या एका बिंदूभोवती दाटले होते.

"पण काका," उन्मेष म्हणाला, "ता यंत्र नुसती जागा राखता आसात तर? होडी थंय नसात तर?"

"जाळी भरलली टाकून जना येतलो? बावटो लागलो तेवा सगळ्यांनी जाळी कापल्यानी, तेणा कापूक नाय. जाळा खडपाक अडाकला आसतला, आणि होडी जाळ्याक." बाबी दाराकडे निघाला होता. "चला. कोण कोण येतंत?"

सगळेच निघाले.

*

साडेतीनला 'समुद्रलक्ष्मी' तिथे पोहोचली, तटरक्षक दलाच्या नौकेच्या थोडी आधीच. 'वेताळप्रसाद' कुशीवर कलंडला होता. केबिनचे छप्पर, त्यावरची एरियल आणि होडीच्या पुढच्या नाळेचे टोक एवढेच पाण्यावर होते. छपरावर तीन खलाशी जाळ्याच्या दोरांनी स्वतःला बांधून पडले होते. त्यांच्या मधोमध जना तांडेल बेशुद्ध होता. वादळाच्या पहिल्या तडाख्यातच लाकडी वासा त्याच्या छातीवर आणि डोक्यावर आदळला होता. सुहास पराडकर तिथे नव्हता. उजाडताना तो सुरा घेऊन अडकलेले जाळे कापायला पाण्यात उतरला, आणि वर आलाच नाही.

त्या तिघांपैकी एकाने किनाऱ्यावर, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून, उन्मेषला सांगितले. बोलको शेवटपर्यंत चालू होता. पेटी छपराखाली उंच बसवली होती, पाणी तिथवर चढले नव्हते. तो पाठवी ते प्रत्येक उत्तर तांडेलाला कळावे म्हणून केबिनमध्येही ऐकू येई.

"आमी बोंबललंव तेच्यार. सांग, सांग बाबा, आमी दाढ्याच्या खडपार आसंव. सुहासान तर तेच्या पायाच धरल्यान म्हण, पेटयेक हात लावन रडलो. तर म्हणता, ठिकाण फकत तांडेल सांगतलो." त्याचे दात पेल्यावर वाजले. "आणि मगे सकाळी, सुहास पाण्यात गेल्यार, ता कोणाशीतरी बोलाक लागला. हसला. जनाकाकाच्या आवाजात हसला रे."

*

तिसऱ्या दिवशी दुपारी जना तांडेल शुद्धीवर आला.

जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या त्या खोलीबाहेरच्या बाकावर वैशाली आणि शैला शेजारी शेजारी बसल्या होत्या. सुहास सापडला नव्हता. होड्या अजून शोधत होत्या. वैशालीने घरातले यंत्र पिशवीत घालून सोसायटीच्या पायरीवर नेऊन ठेवले होते. "आता माणसाच्या तोंडातला तेवढाच आयकतलंय," एवढेच ती मुलाला म्हणाली होती, आणि त्यानंतर तिने त्याला दोषाचा एक शब्दही ऐकवला नव्हता. त्यामुळे उन्मेषला तिच्याकडे पाहणे अधिक कठीण झाले होते.

डॉक्टरांनी एकालाच आत सोडले. उन्मेष खाटेशी बसला. सुहासचे कसे सांगायचे, याचे वाक्य तो तीन दिवस मनात घडवीत होता. शब्द बदलत होता, मागेपुढे करीत होता. बापाने डोळे उघडले, त्याला ओळखले आणि कोरडे ओठ हलवले. उन्मेष खाली वाकला.

"दाढ्याची जागा..." जनाचा खरा आवाज यंत्रातल्या आवाजापेक्षा पुष्कळ बारीक होता. "कोणाक सांगितलंस?"

उन्मेषच्या मनातले वाक्य विरघळून गेले.

"सगळ्या बंदराक, बाबा," तो म्हणाला.

जनाने डोळे मिटले. डोळ्याच्या कडेतून पाणी निघून कानाकडे ओघळले. "माझ्या बापसान माका एकट्याक दाखवलल्यान ता," तो पुटपुटला. "तुका दाखवचा होता." पुढे बराच वेळ उन्मेष वाट पाहत बसला. बाप निदान खलाशांतल्या एकाचे नाव घेईल, एक प्रश्न विचारेल, म्हणून त्याने श्वासही मोठ्याने घेतला नाही. पण बापाचा श्वास हळूहळू संथ झाला आणि त्याला झोप लागली.

यंत्र बिघडले होते, असे तीन दिवस सारे बंदर म्हणत होते. उन्मेषनेही स्वतःची तशीच समजूत घातली होती. खाटेवरच्या त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहताना ती समजूत टिकेना. त्याने शिकवलेल्या यंत्राने त्याच्या बापाला कुठेही चुकीचे ओळखले नव्हते.

तो बाहेर आला. वैशाली झटकन उठली. "काय म्हणाले?"

"तुझा नाव घेतल्यानी," उन्मेष म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत प्रथमच रक्त आले. पदर सावरीत ती आत गेली. उन्मेष दाराशी खिळून उभा राहिला. खोटे बोलल्याची टोचणी मागाहून लागली असती. आधी आली ती धास्ती. त्या शब्दांसाठी त्याला काहीच करावे लागले नव्हते. नजर खाली गेली नव्हती, बोटे एकमेकांत अडकली नव्हती, घसा कोरडा पडला नव्हता. समोरच्या चेहऱ्याला काय हवे आहे ते दिसले होते आणि वाक्य आपसूक, गोड होऊन बाहेर पडले होते.

बाकावरून शैला त्याच्याकडे पाहत होती. तिने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती.

"उन्मेषा," ती म्हणाली, "माझ्या घोवाचा काय इचारल्यानी रे तेंनी?"

त्याने तोंड उघडले. उत्तर तयार होते.